क्रमविकास, जैव

पृथ्वीवर आज आढळणाऱ्या वनस्पती, प्राणी व सूक्ष्मजीव यांच्या जाती त्यांच्यापूर्वी होऊन गेलेल्या व त्यांच्याहून भिन्न असलेल्या सजीवांपासून, पिढ्यानुपिढ्या साचत गेलेल्या आनुवंशिक बदलांमुळे निर्माण झाल्या आहेत. त्यांच्या वंशरेषा मागे मागे नेल्यास त्या समान पूर्वजांना जाऊन मिळतात. या प्रक्रियेस जैव क्रमविकास असे म्हणतात. मराठीत ‘उत्क्रांती’ ही संज्ञाही याच अर्थी रूढ आहे. ‘उत्क्रांती’ या शब्दात वर चढण्याची आणि ‘विकास’ या शब्दात सुधारत जाण्याची छटा आहे. शास्त्रीय संकल्पनेत मात्र यांपैकी काहीही अभिप्रेत नाही. समूहाच्या आनुवंशिक संचात पिढ्यांगणिक होणारा बदल एवढाच तिचा मूळ अर्थ आहे. या बदलाने काही वंशांत गुंतागुंत वाढली, तर आतड्यात राहणाऱ्या पट्टकृमीसारख्या परजीवींत ती कमी होऊन पचनमार्गासारखी महत्त्वाची इंद्रियेही लोप पावली.

ऐतिहासिक आढावा : सजीवांच्या जाती अचल आहेत, ही समजूत यूरोपात अठराव्या शतकापर्यंत सर्वमान्य होती. फ्रेंच निसर्गवैज्ञानिक जे. बी. लामार्क (१७४४–१८२९) यांनी १८०९ मध्ये जातींचे रूपांतर होते असे सुसंगतपणे मांडले. अवयवांच्या वापराने वा न वापराने होणारे बदल संततीत उतरतात, हे त्यांनी दिलेले कारण पुढे टिकले नाही. पण जाती बदलतात हा विचार टिकला. ब्रिटिश भूवैज्ञानिक चार्ल्स लायेल यांनी १८३०–३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, पृथ्वीचे आजचे स्वरूप आजही चालू असलेल्या मंद क्रियांनीच घडले असल्याचे प्रतिपादन केले. त्यामुळे क्रमविकासास आवश्यक असलेल्या प्रदीर्घ काळाची कल्पना करणे शक्य झाले.

चार्ल्स डार्विन (१८०९–८२) यांनी ‘बीगल’ जहाजावरून १८३१–३६ या काळात केलेल्या प्रवासात दक्षिण अमेरिका व गालॅपागस बेटे येथील जीवसृष्टीचे निरीक्षण केले. लोकसंख्यावाढीविषयीचे मॅल्थस यांचे विचार वाचल्यावर त्यांना नैसर्गिक निवडीची कल्पना सुचली. त्याच निष्कर्षाप्रत ॲल्फ्रेड रसेल वॉलिस (१८२३–१९१३) हे आग्नेय आशियातील द्वीपसमूहात काम करीत असताना स्वतंत्रपणे पोहोचले. दोघांचेही लेखन १ जुलै १८५८ रोजी लंडन येथील लिनीअन सोसायटीत एकत्र वाचण्यात आले आणि पुढील वर्षी नोव्हेंबरमध्ये डार्विन यांचा जातींच्या उगमाविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

गुण संततीत कसे उतरतात, हे मात्र डार्विन यांना उलगडले नव्हते. ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्यावर केलेले प्रयोग १८६६ मध्ये प्रसिद्ध झाले, पण १९०० पर्यंत ते दुर्लक्षित राहिले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आर. ए. फिशर, जे. बी. एस. हॉल्डेन आणि स्यूअल राइट यांनी मेंडेल यांचे नियम व नैसर्गिक निवड यांची गणिती सांगड घातली. यांपैकी हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात स्थायिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निधन पावले. या संश्लेषणातून आधुनिक सिद्धांत उभा राहिला आणि १९५३ मध्ये डीएनए रेणूची संरचना समजल्यावर त्यास रासायनिक आधार मिळाला. [→ आनुवंशिकी]

मूलभूत संकल्पना : क्रमविकास व्यक्तीचा होत नाही, समूहाचा होतो. कोणताही प्राणी आपल्या हयातीत दुसऱ्या जातीत रूपांतर पावत नाही. समूहातील निरनिराळ्या जनुकांचे (जीनांचे) प्रमाण पिढ्यांगणिक बदलते. हे प्रमाण बदलणारी कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

(१) उत्परिवर्तन : डीएनएची प्रत तयार होताना क्वचित चूक राहून जाते व नवे जनुकरूप निर्माण होते. नव्या विविधतेचा हा मूळ स्रोत होय. उत्परिवर्तन सजीवाच्या गरजेनुसार घडत नाही. लुरिया व डेल्ब्रुक यांनी १९४३ मध्ये जंतूंवर केलेल्या प्रयोगांतून असे दिसले की, विषाणूंना दाद न देणारे जंतू विषाणूंशी गाठ पडण्यापूर्वीच समूहात अल्प प्रमाणात निर्माण झालेले असतात. संकट गुण निर्माण करीत नाही. असलेल्या गुणांतून ते निवड करते.

(२) नैसर्गिक निवड : प्रत्येक जातीत जगू शकतील त्यापेक्षा अधिक संतती जन्मास येते. या संततीत परस्परांत फरक असतात व त्यांतील काही आनुवंशिक असतात. ज्या व्यक्तींचे गुण त्या परिस्थितीत उपयुक्त ठरतात त्यांची संतती सरासरीने अधिक उरते आणि पुढील पिढीत त्या गुणांचे प्रमाण वाढते. या तीन गोष्टी मान्य केल्या की निष्कर्ष अटळ ठरतो. उत्परिवर्तन यदृच्छ असले तरी निवड यदृच्छ नसते. म्हणूनच ‘सजीवांची गुंतागुंतीची रचना केवळ योगायोगाने झाली, असे हा सिद्धांत सांगतो’ हा आक्षेप गैरलागू आहे.

(३) आनुवंशिक विचलन : लहान समूहात निव्वळ योगायोगानेही जनुकांचे प्रमाण बदलते. जपानी आनुवंशिकीविज्ञ मोटू किमुरा यांनी १९६८ मध्ये असे मांडले की, रेणवीय पातळीवरील बहुतेक बदल उपकारक वा अपायकारक नसून उदासीन असतात व ते या मार्गाने रुजतात.

(४) विलगन व जातिनिर्मिती : समुद्र, पर्वत किंवा वाळवंट आड आल्याने एका जातीचे दोन समूह परस्परांपासून तुटले की, त्यांत होणारे बदल स्वतंत्रपणे साचत जातात. कालांतराने त्यांच्यात संकर होईनासा झाला किंवा संकरज संतती वांझ निपजू लागली, म्हणजे मूळच्या एका जातीच्या दोन जाती झाल्या असे मानतात. वंशाच्या अशा पुनःपुन्हा फुटत गेलेल्या शाखांमुळे जीवसृष्टीचे चित्र शिडीसारखे नसून वृक्षासारखे दिसते.

पुरावे : क्रमविकास मानवी आयुष्याच्या तुलनेत बहुधा फारच मंद असल्याने त्याचा बराचसा पुरावा अप्रत्यक्ष आहे. तथापि तो परस्परांपासून स्वतंत्र अशा अनेक शास्त्रांतून येतो.

जीवाश्म : पृथ्वीचे वय सु. ४५४ कोटी वर्षे असून जीवसृष्टीच्या सु. ३५० कोटी वर्षांपूर्वीच्या खुणा ऑस्ट्रेलियातील खडकांत आढळल्या आहेत. खालच्या थरांतून वरच्या थरांकडे येताना जीवाश्मांचा क्रम सर्वत्र सुसंगत दिसतो : आधी सूक्ष्मजीव, पुढे अपृष्ठवंशी प्राणी, नंतर मासे, उभयचर, सरीसृप आणि मग सस्तन प्राणी व पक्षी. कँब्रियनपूर्व खडकात सशासारख्या सस्तन प्राण्याचा जीवाश्म सापडला, तर हा सिद्धांत मोडीत निघेल. आजवर तसा एकही जीवाश्म मिळालेला नाही. उलट, अपेक्षित ठिकाणी अपेक्षित जीवाश्म मिळाल्याची उदाहरणे आहेत. माशांपासून चतुष्पाद प्राणी निर्माण झाले असतील, तर सु. ३७.५ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ पाण्यात साचलेल्या खडकांत मधले रूप मिळावे, या तर्काने कॅनडाच्या उत्तरेकडील एल्झमीअर बेटावर शोध घेण्यात आला. तेथे २००४ मध्ये खवले व पर असलेला, पण मोकळी मान आणि परांत मनगटासारखी हाडे असलेला ‘टिक्टालिक’ हा प्राणी मिळाला.

शारीर व भ्रूण : माणसाचा हात, घोड्याचा पुढचा पाय, वटवाघळाचा पंख आणि देवमाशाचा वल्ह्यासारखा अवयव यांची कामे वेगवेगळी आहेत, पण त्यांतील हाडांची मांडणी एकच आहे. अशा अवयवांना समजात अवयव म्हणतात. उलट, फुलपाखराचा पंख आणि पक्ष्याचा पंख यांचे कार्य एकच असूनही त्यांची रचना सर्वस्वी भिन्न आहे. ते कार्यसदृश अवयव होत. पहिल्या प्रकारच्या साम्याचे समाधानकारक स्पष्टीकरण समान वंशाने मिळते. रचनेतील उणिवा तर अधिकच बोलक्या आहेत. मेंदूपासून स्वरयंत्राकडे जाणारी एक तंत्रिका सस्तन प्राण्यांत सरळ न जाता छातीत उतरते, हृदयाजवळच्या मोठ्या रोहिणीला वळसा घालते व पुन्हा वर येते. जिराफात या वळशाची लांबी काही मीटर भरते. माशांसारख्या पूर्वजांत हा मार्ग सरळ होता. मान लांबत गेली आणि तंत्रिका रोहिणीत अडकून राहिली, असे मानले म्हणजे हा विचित्र मार्ग समजतो.

भौगोलिक वितरण : गोड्या पाण्यातील व जमिनीवरील बेडकांना समुद्राचे खारे पाणी सहसा सोसत नाही, म्हणून महासागरातील ज्वालामुखीजन्य बेटांवर ते मूळचे क्वचितच आढळतात, हे डार्विन यांच्या लक्षात आले होते. दक्षिण सह्याद्रीत आढळणारा, वर्षाचा बहुतेक काळ जमिनीखाली राहणारा ‘नासिकाबॅट्राकस’ हा जांभळा बेडूक एस. डी. बिजू व फ्रँकी बॉस्सुयट यांनी २००३ मध्ये प्रसिद्धीस आणला. त्याचे सर्वांत जवळचे विद्यमान आप्त आशिया खंडात इतरत्र नसून हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवर आहेत. ही बेटे ज्वालामुखीजन्य नसून प्राचीन खंडाचा तुटलेला ग्रॅनाइटी तुकडा आहेत आणि सु. ६.५ कोटी वर्षांपूर्वी ती भारतीय भूखंडापासून अलग झाली, असे भूविज्ञान स्वतंत्रपणे सांगते. बेडकांनी समुद्र ओलांडला नाही; त्यांच्या पायांखालची जमीनच दुभंगली.

रेणवीय पुरावा : जंतूंपासून माणसापर्यंत सर्व सजीवांत आनुवंशिक माहिती न्यूक्लिइक अम्लात साठविलेली असते आणि ती वाचण्याची संकेतप्रणाली जवळजवळ एकच आहे. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. माणूस, कपी व माकडे यांना ते करता येत नाही. परंतु त्यासाठी लागणाऱ्या एंझाइमाचे जनुक त्यांच्यात नाहीसे झालेले नसून मोडक्या अवस्थेत शिल्लक आहे. चिंपँझी, गोरिला व ओरँगउटान यांच्यात गुणसूत्रांच्या २४ जोड्या असतात, तर माणसात २३. समान पूर्वज मानावयाचा, तर माणसाचे एखादे गुणसूत्र दोन गुणसूत्रे जोडली जाऊन झालेले असले पाहिजे. माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राच्या मधल्या भागात, एरवी फक्त गुणसूत्रांच्या टोकांशी आढळणारे डीएनएचे अनुक्रम समोरासमोर जोडलेले आढळले आणि हा सांधा १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला.

प्रत्यक्ष निरीक्षण : पीटर व रोझमेरी ग्रँट या दांपत्याने १९७३ पासून गालॅपागसमधील डॅफ्ने मेजर या लहान बेटावरील फिंच पक्ष्यांची दरवर्षी मोजमापे घेतली. १९७७ च्या अवर्षणात मऊ व लहान बिया लवकर संपल्या आणि मध्यम आकाराच्या भू-फिंच जातीतील दहांपैकी आठांहून अधिक पक्षी मेले. कठीण बिया फोडू शकणारे जाड चोचीचे पक्षी अधिक प्रमाणात वाचले व पुढील पिढीची चोच सरासरीने सु. अर्धा मिमी. जाड भरली. १९८२–८३ च्या अतिवृष्टीनंतर लहान बियांची रेलचेल झाली आणि निवडीची दिशा उलटली. निवडीला ठरावीक दिशा वा ध्येय नसते, हे यावरून स्पष्ट होते. अमेरिकेत रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ मध्ये ‘एश्चेरिकिया कोलाय’ या जंतूचे बारा समूह एकाच पूर्वजापासून वाढविण्यास आरंभ केला. तीस हजारांहून अधिक पिढ्यांनंतर त्यांपैकी एकाच समूहात, हवेच्या सान्निध्यात सायट्रेटवर जगण्याची क्षमता निर्माण झाली.

पुराव्यांची एकवाक्यता : वरील पुराव्यांपैकी प्रत्येक एकेकटा घेतल्यास त्यावर शंका घेता येईल, त्यांचे खरे बळ त्यांच्या एकमतात आहे. देवमाशाच्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. देवमासा फुप्फुसांनी श्वसन करतो व पिलांना दूध पाजतो. त्याला मागचे पाय नसले, तरी स्नायूंत रुतलेली श्रोणीची लहान हाडे असतात आणि डॉल्फिनाच्या भ्रूणात मागच्या पायांचे अंकुर काही काळ दिसून नाहीसे होतात. यावरून त्याचे पूर्वज जमिनीवरील चतुष्पाद सस्तन प्राणी असावेत असा तर्क होता; पण मधली रूपे मिळाली नव्हती.

ती विसाव्या शतकाच्या अखेरीस, मुख्यत्वे भारत व पाकिस्तान येथील खडकांत मिळू लागली. पाकिस्तानात मिळालेला सु. ५ कोटी वर्षांपूर्वीचा ‘पाकिसीटस’ हा चार पायांचा प्राणी होता, पण त्याच्या कानाचे हाड देवमाशाच्या धाटणीचे होते. त्याच भागात मिळालेला ‘ॲम्ब्युलोसीटस’ चालू व पोहू शकणारा होता. कच्छमध्ये किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात साचलेल्या थरांत ‘रेमिंग्टनोसीटस’ व ‘कच्छीसीटस’ यांचे जीवाश्म मिळाले. ईजिप्तमधील, पूर्णपणे समुद्रवासी झालेल्या ‘बॅसिलोसॉरस’च्या सांगाड्यास चिमुकले मागचे पाय असल्याचे १९९० मध्ये दाखविण्यात आले. जम्मू विभागातील कालाकोट येथे भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी गोळा केलेल्या खडकांतील ‘इंडोह्यूस’ या लहानशा समखुरी प्राण्याच्या कानातही देवमाशासारखे जाड हाड असल्याचे २००७ मध्ये उघडकीस आले. इंडोह्यूसचे ज्ञात जीवाश्म पाकिसीटसपेक्षा जुने नाहीत. त्यामुळे तो देवमाशांचा साक्षात पूर्वज नसून त्या पूर्वजाच्या निकटच्या शाखेचा प्रतिनिधी समजला जातो.

दरम्यान, जीवाश्मांशी संबंध नसलेल्या डीएनएच्या अभ्यासाने देवमाशांचा सर्वांत जवळचा विद्यमान आप्त पाणघोडा हा समखुरी प्राणी असल्याचे सुचविले होते. काही पुराजीववैज्ञानिकांना हे मान्य नव्हते. दातांच्या साम्यावरून ते देवमाशांचा उगम एका लुप्त मांसाहारी गटाशी जोडीत. हा वाद २००१ मध्ये घोट्याच्या हाडांनी मिटविला. पाकिस्तानातील प्राचीन देवमाशांच्या घोट्याचे हाड दोन्ही टोकांना कप्पीसारखे असल्याचे आढळले आणि अशी रचना समखुरी प्राण्यांचे खास लक्षण आहे. ज्यांचे मत चुकले होते त्यांनी ते सोडले. रेणू, भ्रूण, कान व घोटा ही चार वेगवेगळ्या शास्त्रांतील साक्ष एकाच वंशवृक्षाकडे बोट दाखविते.

काही गैरसमज : ‘माणूस माकडापासून झाला’ हे विधान सैल आहे. आजचे कोणतेही माकड वा कपी माणसाचा पूर्वज नाही. माणूस व चिंपँझी यांच्या वंशरेषा सु. ६० ते ७० लक्ष वर्षांपूर्वी एका समान पूर्वजापासून वेगळ्या झाल्या. म्हणून ‘मग आजची माकडे माणसे का होत नाहीत’ हा प्रश्न, चुलत भाऊ आपला आजोबा का होत नाही असे विचारण्यासारखा आहे. दशावतारांच्या क्रमात क्रमविकासाची कल्पना असल्याचेही सांगण्यात येते. मत्स्य, कूर्म, वराह या क्रमाशी वरवरचे साम्य असले, तरी एका रूपापासून दुसरे रूप वंशपरंपरेने निर्माण होण्याची कल्पना त्या कथांत नाही. त्यांचा हेतू व आशय वेगळा आहे. ‘हा केवळ एक सिद्धांत आहे’ हा आक्षेप इंग्रजी बोलण्यातील ‘थिअरी’ या शब्दाच्या ढिल्या वापरातून आला आहे. मराठीत ‘सिद्धांत’ म्हणजे सिद्ध झालेला निष्कर्ष. विज्ञानातील अर्थ याच्याच जवळचा आहे. जीवसृष्टीचा प्रथम उगम कसा झाला, हा प्रश्न रसायनशास्त्राच्या सीमेवरचा असून क्रमविकासाचा सिद्धांत त्यापुढील इतिहासाविषयी आहे.

व्यावहारिक महत्त्व : क्रमविकास ही केवळ गतकालाची कथा नव्हे. दात्र-कोशिका पांडुरोग (सिकलसेल) हा रोग महाराष्ट्रात विदर्भ व सातपुडा भागातील आदिवासी आणि इतर काही समाजांत लक्षणीय प्रमाणात आढळतो. हीमोग्लोबिनाच्या बीटा शृंखलेतील सहाव्या स्थानी एकाच ॲमिनो अम्लाचा बदल झाल्याने तो उद्‌भवतो. इतके घातक जनुक निवडीने नाहीसे का झाले नाही, या प्रश्नाचे उत्तर ए. सी. ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतील निरीक्षणांवरून दिले. आईवडिलांपैकी एकाकडूनच हे जनुक मिळालेल्या वाहक व्यक्तीस तीव्र हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. हिवतापाच्या प्रदेशात वाहक अधिक तगले आणि त्याची किंमत दोघांकडूनही जनुक मिळालेल्या बालकांनी मोजली. हा रोग कोणत्याही समाजाच्या कमीपणाची खूण नसून त्याच्या पूर्वजांनी हिवतापाशी दिलेल्या झुंजीचा अवशेष आहे, हे समजल्यास रोग्यांविषयीचा कलंक कमी होण्यास मदत होते. रोगनिर्मूलनासाठी केंद्र शासनाने २०२३ मध्ये राष्ट्रीय अभियान सुरू केले.

कापसावरील गुलाबी बोंडअळीचे उदाहरणही असेच आहे. अळीला मारक प्रथिन तयार करणारी बीटी कपाशी भारतात २००२ मध्ये आली. तिच्याभोवती बिगर-बीटी कपाशीच्या ओळी लावाव्यात, असा नियम होता व त्यासाठी बियाण्याच्या पाकिटासोबत वेगळी पुडी दिली जात असे. या ओळींवर वाढलेल्या साध्या पतंगांचा, बीटीवर तगलेल्या मोजक्या पतंगांशी संकर व्हावा आणि प्रतिकाराचे जनुक दुहेरी होऊ नये, हा त्यामागील हेतू होता. अनेक शेतांत या ओळी लावल्या गेल्या नाहीत. निवड एकाच दिशेने होत राहिली. प्रतिकारक्षम अळी प्रथम गुजरातमध्ये आढळली व २०१७ च्या हंगामात विदर्भातील शेतकऱ्यांचे फार मोठे नुकसान झाले. प्रतिजैविकांच्या अविचारी वापराने रुग्णालयांतील जंतूंत हेच घडत आले आहे. औषधाने जंतूला ‘सवय’ होत नाही. औषधाला दाद न देणारे जे थोडे जंतू समूहात असतात तेच मागे उरून वाढतात. नैसर्गिक निवड माणसाच्या संमतीची वाट पाहत नाही. मात्र तिचे नियम जाणून शेत, औषध व आरोग्य यांविषयीचे निर्णय घेणे माणसाच्या हाती आहे. [→ जीवाश्म, प्रतिजैविक पदार्थ]